लिएनमावशीकडे कोण जेवून जातं

माझ्या मुलीला तोंडावर 'कुरूप' म्हणणारी बाई जगात एकच, आणि ती आमच्या डोक्यावर राहायची. हेगजवळच्या लायडस्खेनडाममधल्या त्या बिल्डिंगीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ती दुसऱ्या. घर घेऊन आठवडा झाला असेल. माझी लेक मैत्री तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची. तिला छातीशी बांधून मी जिना चढत होते, तेवढ्यात वरून ही बाई उतरली. बुटकी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, थंडी नसतानाही अंगात फुगीर जॅकेट. थांबली. मैत्रीच्या गालाजवळ नाक नेऊन तिला चांगलं हुंगलं आणि डचमध्ये खणखणीत म्हणाली, "शी! काय कुरूप पोर आहे. कोण घेणार असल्या पोरीला?"

आणि हसत हसत खाली निघून गेली.

मी घरात येऊन दार आपटलं. प्रशांत, माझा नवरा, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "तुला डच नीट कळलं का पण?" म्हटलं, "कुरूप कळायला किती डच लागतं रे?" बाई एक तर वेडी आहे नाहीतर खवट आहे, असं मी ठरवून टाकलं.

माझं हे असंच असतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, आणि संशय घेण्याचा पगार मिळतो. कुणी "चालतंय सगळं" म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. प्रशांत म्हणतो, तू मंगळसूत्राच्या मण्यांचंही टेस्टिंग केलं असतंस, बरं झालं आपल्या लग्नात ते नव्हतं. तर अशा माझ्या डोक्यावर ही बाई येऊन बसली होती, आणि तिच्या घरात संशय घेण्यासारखं इतकं होतं की मला दुसरं काम उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा वाडगाभर कापलेला आंबा घेऊन दारात उभा. उंच, वाकलेला, गोंधळल्यासारखा चेहरा. ओळख करून दिली. तो थान, ती लिएन. व्हिएतनाममधून होडीतून निघालेले, समुद्रात एका डच जहाजाने उचललेले. मग आयुष्यभर आठवडी बाजारात लुंपियाची, म्हणजे स्प्रिंग रोलची, गाडी लावली. इथे व्हिएतनामी माणसाने लुंपिया तळायचे हे आपल्याकडे उडप्याने डोसा घालायचा इतकं ठरलेलं. आता दोघंही निवृत्त. थानकाका खाली बघत म्हणाला, "बायको बोलली ते मनावर घेऊ नकोस. पोर गोड आहे म्हणायचं नसतं. भटके आत्मे असतात ना, ते कान लावून बसलेले असतात. गोड म्हटलं की नेतात."

आता आपल्याकडे दगडू आणि धोंडू ही नावं का ठेवायचे हे मला काय माहीत नाही? पण मैत्रीला मी काजळाचा ठिपका लावला नव्हता. आमच्या पिंपरीच्या घरात हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. नवस नाही, उपास नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. पप्पा सांगायचे, "मेलेल्याला भूक लागत नाही, जिवंताला लागते. ताट तिकडे वळवा." त्या घरातली मी.

म्हणून तर मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा खूश होते. बाई बौद्ध आहे हे कळलं होतं. माझं नाव सुजाता ऐकून तिचे डोळे चमकले होते. बुद्धाला खीर देणारी सुजाता तिला ठाऊक होती. लगेच विचारलं, "मग तुला खीर येते का?" म्हटलं चला, परक्या देशात आपलं माणूस भेटलं. अहो-जाहो सुटलं, मावशी झाली. आणि आत पाऊल टाकते तो काय! दाराशी जमिनीवर लाल रंगाचं लाकडी खोपटं, आत बल्ब लावलेला, आणि त्यात ढेरी सुटलेला एक हसरा बुवा बसलेला. त्याच्यापुढे दूध घातलेली कॉफी. आणि पेटती सिगारेट!

"मावशी, हा बुद्ध सिगारेट ओढतो?"

"हा कुठला बुद्ध? बुद्ध वर आहे." तिने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे बुद्ध होता, करुणेची देवी क्वान आम होती, जुने फोटो होते, फळं होती. "हा घरमालक."

"घरमालक तर हाउसिंग कॉर्पोरेशन आहे."

"ते भाडं घेतात. राखण हा करतो."

बौद्ध असून हे? मी तिथल्या तिथे वाद घातला. तिने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "बुद्ध मोठा माणूस आहे. त्याला लहानसहान कामं सांगायची का?" वाद घालायची तिची हीच रीत. तुम्ही तासभर बोला, ती शेवटी एक वाक्य टाकणार आणि चहा ओतणार. मनात म्हटलं, हे काही खरं नाही. ही बाई बुद्धाच्या नावाखाली भलतंच काहीतरी चालवते.

गंमत म्हणजे तीही पक्की संशयी. सुपरमार्केटमधली कोथिंबीर चुरगळून हुंगल्याशिवाय टोपलीत टाकायची नाही. हाउसआर्ट्स, म्हणजे आमचा इथला फॅमिली डॉक्टर, याच्यावर तर काडीचा विश्वास नाही: "हसतो फार. डॉक्टरने इतकं हसू नये." आणि सगळ्यात मोठा संशय नवऱ्यावर. बायकांच्या भानगडीचा नव्हे हो, रस्त्यांचा. थानकाकाला दिशा म्हणून कळायची नाही. चाळीसेक वर्षं या देशात काढली, पण घरून लायब्ररीत गेला तरी परत येताना पलीकडच्या गल्लीत निघायचा. लुंपियाची गाडी ओढणारी मोटार तो चालवायचा आणि शेजारी बसून ही सांगत राहायची. आता डावीकडे. आता पूल. आता हळू. ती सांगायची, एकदा तिला ताप आला म्हणून तो एकटा बाजारात गेला, तर दुसऱ्याच गावाच्या बाजारात गाडी लावून आला. "धंदा मात्र चांगला झाला," काका हळूच म्हणायचा.

मग कोरोना आला. ऑफिस बंद, पाळणाघर बंद. स्वयंपाकघराच्या टेबलावर माझं ऑफिस, आणि डोक्यावर दिवसभर लिएनमावशी. वरचा एक एक आवाज मला ऐकू यायचा. एका दुपारी मी मीटिंगमध्ये, आणि वर खुर्च्या सरकवायला लागल्या. एक, दोन, मग आणखी. घरी माणसं बोलवायची नाहीत असे ते दिवस. पंतप्रधान टीव्हीवर येऊन सांगत होते. आणि हिच्याकडे पंगत! वर तळणाचा घमघमाट. मी मीटिंग म्यूट केली आणि दाराच्या भोकाला डोळा लावून उभी राहिले. बघूया तर खरं कोण कोण येतंय. ही दोघं म्हातारी, आणि खाली माझं तान्हं पोर. चीड आली होती मला.

कोणी आलं नाही. जिन्यात चिटपाखरू नाही. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं. मास्क लावून वर गेले. दार उघडंच. टेबलावर वाडगे, चॉपस्टिक्स, वाफाळता भात, मासा, लुंपिया. सगळ्या खुर्च्या बाहेर ओढलेल्या, आणि रिकाम्या. नवराबायको भिंतीला टेकून उभी.

"कोण येणार आहे?" मी दारातूनच विचारलं.

"आलेत," लिएनमावशी म्हणाली. "थानच्या आईची तिथी आहे. ती एकटी कशी येईल? सगळ्यांना घेऊन आली."

माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच रागही. हे तर श्राद्धच! नाव व्हिएतनामी, इतकंच. पण तेवढ्यात थानकाकाने केविलवाण्या आवाजात बायकोला काहीतरी विचारलं. तिने फळीवरून दोन जुनी नाणी घेतली. दोन्हींच्या एका बाजूला चुना फासलेला. कपाळाला लावून बशीत टाकली. दोन्ही पांढरी बाजू वर. तिने मान हलवली.

"एक पांढरं एक काळं पडलं की झालं जेवण," तिने मला समजावलं. "आई अजून जेवतेय."

"तिचं जिवंतपणीही असंच होतं," थानकाका म्हणाला. "फार सावकाश जेवायची." बिचाऱ्याच्या पोटात कावळे ओरडत होते. उदबत्ती थोडी जळली, मग परत नाणी. परत नाही. तिसऱ्या वेळी एक पांढरं एक काळं पडलं आणि काका असा टेबलाकडे धावला की मला हसू आवरेना. मलाही दारात वाडगा मिळाला. आता मेलेल्यांचं उष्टं मी खावं का, हा प्रश्न मला जिन्यात पडला. पण लुंपिया गरम होता. खाल्ला.

नाण्यांवर मात्र माझा संशय बसला तो बसलाच. चार दिवसांनी मी ती तिच्याकडून मागून आणली. ती हसून म्हणाली, "घे, तपास." मी स्वयंपाकघरात बसून टाकत राहिले, प्रशांत कपाळाला हात लावून बघत होता. अर्ध्याला अर्धं. नाणी प्रामाणिक होती. परत देताना मी म्हटलं, "मावशी, पण हवं ते उत्तर येईपर्यंत टाकत राहिलं तर कधी ना कधी येणारच की." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तू ऑफिसात असंच करतेस?"

आता काय सांगणार? करतो आम्ही कधीकधी. टेस्ट पास होईपर्यंत परत परत चालवतो.

म्हणाली, "जेवणाचं कितीदाही विचार. मोठं काही विचारायचं असेल तर तीनदाच. त्याच्यापुढे विचारलं तर ते विचारणं नाही, हट्ट."

उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या सामायिक दाराबाहेर तांदूळ आणि मीठ फेकलेलं दिसलं. नेमकी आई व्हिडिओ कॉलवर होती. मी सहज कॅमेरा फिरवला तर आई किंचाळली, "अगं उतारा टाकलाय कुणीतरी! ओलांडू नकोस!" म्हटलं, "आई, बावीस प्रतिज्ञा!" तर म्हणे, "त्या आहेतच गं. पण तू बाजूने जा." आणि खोटं कशाला बोलू, मी बाजूनेच गेले. लेकराला कडेवर उचलून. मग तरातरा वर जाऊन लिएनमावशीला जाब विचारला.

ती शांतपणे बोलली. त्या महिन्यात म्हणे सगळी मेलेली माणसं मोकळी सुटतात. ज्यांचं घर आहे ती घरी जातात. ज्यांना कोणी नाही, जी रस्त्यात मेली, समुद्रात गेली, ज्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, ती दारोदार फिरतात. त्यांना आत घ्यायचं नाही, पण उपाशीही पाठवायचं नाही. दाराबाहेर पातळ पेज, मीठ, तांदूळ. "आमच्या होडीतली पण आहेत त्यांत," ती म्हणाली. "कोण कुठे बुडालं, तारीख कोणाला माहीत?" मी झाडू आणला होता, तो तसाच परत घेऊन आले.

शरद ऋतूत दोघांनाही कोरोना झाला. तिने तो अंगावर काढला. काकाचा श्वास लागला आणि ॲम्ब्युलन्स आली. जिना अरुंद, त्याला खुर्चीत बसवून खाली आणलं. ती वरच्या पायरीवर मास्क लावून उभी, खाली उतरायची परवानगी नाही. तो जाताना मागे वळून वळून तिला काहीतरी विचारत होता. नंतर तिनेच सांगितलं, तो विचारत होता की कुठे नेतायत.

तिलाही ते माहीत नव्हतं. हेगमधल्या हॉस्पिटलात खाटा नव्हत्या, म्हणून त्याला पार उत्तरेकडे, फ्रिसलंड प्रांताच्याही पलीकडे कुठेतरी नेलं. ज्या गावी तो जन्मात गेला नव्हता. तिथेच आठवड्याच्या आत गेला. ही इथे विलगीकरणात. अंत्यविधी तिने टॅबलेटवर पाहिला. मुलगा मिन्ह, मास्ट्रिख्टच्या युनिव्हर्सिटीत असतो, तो एकटा तिकडे जाऊन सगळं करून आला. पुढे राख आणून दिली. मी दारात भेटायला गेले तेव्हा ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "राख आली. माणूस नाही आला."

मला वाटलं, दुःखात बोलतेय. पण ती रोज भात वाढत होती. फळीवर त्याचा फोटो, पुढे भाताचा वाडगा, वर चॉपस्टिक्स. एकोणपन्नासाव्या दिवशी तिने नाणी टाकून विचारलं, पोचलास का? नाही. शंभराव्या दिवशी विचारलं. नाही. त्यांच्या नववर्षाला, टेट म्हणतात त्याला, तिसऱ्यांदा. त्या वेळी मी तिथे होते. दोन्ही नाणी काळी. तिने ती उचलून रुमालात गुंडाळली आणि परत काढली नाहीत.

"मावशी, चान्स असतो गं तो," मी म्हटलं. "अजून एकदा टाक. एकदाच."

"तीनदा झालं," ती म्हणाली. "आणि तुला काय वाटतं, नाणी कशाला हवीत? त्याला लायब्ररीतून घरी येता येत नव्हतं. एवढ्या लांबून कसा येईल?"

कपाटावर कागदाचा एक कोट, कागदाचे बूट, कागदाचा चष्मा असं सगळं बांधून ठेवलेलं होतं. जाळून त्याला पाठवायचं. ते तिने जाळलं नव्हतं. "तो घरात नसताना पाठवलं तर दुसराच कोणी घेईल," ती म्हणाली. पार्सलासारखंच की. लॉकडाऊनमध्ये सगळ्या बिल्डिंगीची पार्सलं मीच घेत होते, मला ते लगेच पटलं. म्हणजे पटलं नाही, कळलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता तो कुणाच्या तरी दाराबाहेर उभा असेल. मीठ-तांदूळ वेचत. आणि तिथले डच लोक मीठ-तांदूळही टाकत नाहीत."

त्या रात्री प्रशांतला सांगताना मला रडू फुटलं. प्रशांत म्हणाला, "तू विश्वास ठेवायला लागलीस का?" मी खवळले. विश्वासाचा काय संबंध? बाई उपाशी माणसाचा विचार करून झुरत होती, तो माणूस कुठे आहे हा वेगळा प्रश्न.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती वाळून गेली. एकदा बाथरूममध्ये पडली. मिन्हने मास्ट्रिख्टला आपल्या घराजवळ तिच्यासाठी खोली बघितली, घर सोडायची नोटीसही देऊन टाकली. शनिवारी व्हॅन येणार होती. सोमवारी लिएनमावशी माझ्या दारात आली. आली ती दार लोटून, पहिल्यांदाच, थेट स्वयंपाकघरात बसली.

"मी गेले आणि मागून तो आला तर? दुसऱ्यांचं घर. कुलूप बदललेलं. मग तो कायमचा भटक्या झाला. त्याआधी तिकडे जाऊन त्याला घरी आणायला हवं."

"मिन्हला सांग ना. तो नेईल तुला तिकडे."

"मिन्ह?" तिने नाक मुरडलं. "तो मला हाउसआर्ट्सकडे नेईल. म्हणेल आईचं डोकं गेलं. मग खोली नाही, वृद्धाश्रम. तू ने."

"मीच का? माझा तर यातल्या कशावरच विश्वास नाही, तुला माहितीये."

"म्हणूनच. टॅक्सीवाल्याला सांगितलं मागे कोण बसलंय तर तो गाडी सोडून पळेल. तू नाही घाबरणार."

बुधवारी रजा टाकली. मैत्रीला प्रशांतकडे सोपवलं. पप्पांना फोनवर यातलं काहीही सांगितलं नाही. काका गेला त्या उत्तरेकडच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा ऊन होतं. लिएनमावशीने पिशवीतून त्याचा शर्ट काढला, निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेला. दोन्ही हातांनी खांद्यांना धरून वर उचलला आणि इमारतीकडे तोंड करून हाक मारली. "थान! थान ओय!" एवढ्याशा बाईचा एवढा आवाज! सिगारेट ओढणाऱ्या दोन नर्सेस वळून बघायला लागल्या. सिक्युरिटीवाला चालत आला, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे संशयाने बघत.

"काय चाललंय?"

"नवऱ्याला न्यायला आल्यात," मी म्हटलं.

"कुठल्या विभागात आहेत?"

"डिस्चार्ज झालाय. खाली यायला जरा वेळ लागतोय."

तो मान डोलवून बाजूला उभा राहिला. ती हाका मारत राहिली. मग शर्ट छातीशी धरला, गाडीचं मागचं दार उघडलं, थांबली, हाताने 'सरक पलीकडे' अशी खूण केली आणि त्याच्या शेजारी बसली. मी ड्रायव्हरसारखी एकटी पुढे. म्हटलं, बघूया.

त्यांच्यात म्हणे मेलेल्या माणसाला घरी आणताना प्रत्येक वळण सांगावं लागतं, आणि प्रत्येक पूल तर सांगावाच लागतो, नाहीतर तो पाण्याशी अडतो आणि तिथेच उतरून राहतो. आता सांगा, हा नियम घेऊन नेदरलँड्समध्ये काय करायचं? इथे मैलाला चार पूल. "पूल आला, चल. झाला. पूल आला, चल." मध्येच रस्ता एकदम खाली गेला आणि आमच्या डोक्यावरून शिडाची होडी गेली. इथे पाण्याखालून रस्ते काढलेत. लिएनमावशीने मागून माझा खांदा धरला. "सुजाता, हा पूल आहे का?" म्हटलं, "उलटा पूल आहे. पाणी वर, आपण खाली." ती त्याला काहीतरी घाईघाईने बोलली. मी विचारलं काय सांगितलंस. "वर बघू नकोस म्हटलं."

आणि मग तो समुद्रातला लांबलचक बांध. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. मी आरशात पाहिलं. तिने रिकाम्या सीटवर तळहात दाबून धरला होता. होडीतल्या त्या प्रवासानंतर थानकाका किनाऱ्यावरसुद्धा जायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. "डोळे मीट," ती त्याला सांगत होती, आणि मला डचमध्ये तेच परत सांगत होती, कारण माझा तिच्यावर संशय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. "त्याला म्हटलं, मी सांगेन तेव्हा उघड." सगळा बांध संपेपर्यंत ती बोलत होती. तेलाचे भाव, बाजारातल्या ओळखीपाळखी, मिन्हचं लहानपण, काय वाट्टेल ते. मला समोरचं नीट दिसेना म्हणून मी वेग कमी केला. पिंपरी आठवत होती. विमानं बंद होती, पप्पा तिकडे, आणि मी इथे कुणाच्या नवऱ्याला घरी नेत होते.

हायवेला लागलो तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. घर जवळ आलं, आणि आरशात पाहते तो लिएनमावशीला झोप लागलेली. शर्ट मांडीवर. पुढे व्लीट कालव्याचा पूल, शेवटचा. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. पण सांगायचं राहिलं तर? इतक्या लांबून आणलंय. मी इकडे तिकडे पाहिलं, जसं काही कुणी ऐकणार होतं, आणि म्हणाले, "काका, पूल आला. घाबरू नका. घर इथेच आहे, चला."

बिल्डिंगीखाली गाडी लावली तशी ती दचकून उठली. "पूल?"

"झाला."

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

तिने डोळे बारीक केले. "कुठल्या भाषेत?"

"मराठीत," मी म्हटलं.

तिने शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "उतरला तो. फिरव गाडी."

फिरवली. काय करणार? पुलाजवळ उभी केली, ती शर्ट घेऊन चालत कठड्यापर्यंत गेली आणि कडाडली. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. जगातली कुठलीही बायको चुकलेल्या नवऱ्याला ज्या सुरात बोलते त्या सुरात ती बोलत होती. आवाज फाटला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. सायकलवाले वळून वळून बघत गेले. मग परत येऊन तिने मागचं दार उघडलं, थांबली, सरकायची खूण केली, बसली. "चल," मला म्हणाली. "आता बसलाय नीट."

पिशवी घेऊन मी तिच्यामागे जिना चढले. तिने कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि स्वतः बाजूला झाली. आत गेली नाही. मी पुढे होणार तर हाताने मला अडवलं. आम्ही दोघी जिन्यात उभ्या, उघड्या दाराकडे बघत, बराच वेळ.

"बूट काढतोय," ती कुजबुजली. "त्याला नेहमीच वेळ लागतो."

मग तिने आत डोकावून पाहिलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या हातातून पिशवी घेतली आणि दार ओढून घेता घेता म्हणाली, "जा तू आता. दमलाय तो. झोपू दे. शनिवारी परत प्रवास आहे त्याला."

मी "बरं" म्हटलं. पायातले बूट काढून हातात घेतले आणि आवाज न करता जिना उतरले.